एक्सएफएसटेस्ट्स : फॉरमॅट बदलला की कोणती चाचणी चालवायची आणि कोणती वगळायची

फाइलसिस्टिमच्या, म्हणजे डिस्कवर फाइली मांडणाऱ्या व्यवस्थेच्या, कोडमध्ये चार ओळी बदलल्या की पहिली धास्ती एकच असते : यामुळे कुणाचा डेटा तर बिघडणार नाही ना? लिनक्सच्या जगात याचं उत्तर शोधायला बहुतेक सगळे चाचण्यांच्या एकाच संचाकडे जातात. त्याचं नाव एक्सएफएसटेस्ट्स, हल्ली नुसतं एफएसटेस्ट्सही म्हणतात. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीत एक्सएफएस या फाइलसिस्टिमसाठी त्याची सुरुवात झाली. आज ईएक्सटी४, बीटीआरएफएस, एफ२एफएस, ओव्हरलेएफएस, एनएफएस असे कितीतरी प्रकार त्यावरच तपासले जातात. पुण्यात स्टोरेजच्या सॉफ्टवेअरवर काम करणारी मराठी मुलं-मुली पुष्कळ आहेत, आणि कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) वळणाऱ्या प्रत्येकाची या संचाशी कधी ना कधी गाठ पडतेच. हा लेख त्यांच्यासाठी.

संच चालवणं फार कठीण नाही. कठीण आहे ते निकाल वाचणं. एकच फाइलसिस्टिम वेगवेगळे पर्याय देऊन फॉरमॅट केली की काही चाचण्या तिथे लागूच होत नाहीत, काही चुकीच्या कारणाने अडतात, आणि काही तर तुम्ही ठरवलेला फॉरमॅट बाजूला सारून दुसऱ्याच फॉरमॅटवर चालतात. हे तीन प्रकार वेगळे ओळखता आले नाहीत, तर हिरव्या निकालाला काही अर्थ राहत नाही.

वाचण्याआधी एक सूचना. आज्ञा, फाइलींची नावं आणि व्हेरिएबल्स इथे देवनागरीत दिली आहेत. टंकताना ती रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत लिहायची. व्हेरिएबल्सची नावं पूर्णपणे मोठ्या अक्षरांत असतात, आणि त्यांत जिथे खालच्या बाजूला आडवी रेघ (_) दिसते तिथे अंडरस्कोर असतो. स्विच लहान अक्षराचा की मोठ्या अक्षराचा, हे जिथे महत्त्वाचं आहे तिथे वेगळं सांगितलं आहे.

पायरी १ : वेगळं मशीन, दोन रिकाम्या डिस्क

रोजच्या कामाच्या लॅपटॉपवर हा संच थेट चालवू नका. यातल्या काही चाचण्या मुद्दाम डिस्क बिघडल्याचं सोंग घेतात, काही फाइलसिस्टिम मध्येच बंद पाडतात, आणि कर्नलमध्ये दोष असेल तर अख्खं मशीन गोठू शकतं. व्हर्च्युअल मशीन घ्या आणि त्याला दोन रिकाम्या डिस्क जोडा. प्रत्येकी २० जीबी दिली की जागा कमी पडली म्हणून चाचण्या वगळल्या जाण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. वेगळी डिस्क देता येत नसेल तर ट्रंकेटने मोठ्या फाइली बनवून लॉसेटअपने त्यांचे लूप डिव्हाइस तयार करा, तेही चालतं.

या दोन डिस्कची कामं वेगळी आहेत, आणि तो फरक पुढे वारंवार लागणार आहे. पहिली 'टेस्ट' डिस्क. तिच्यावरची फाइलसिस्टिम एका चाचणीतून दुसऱ्या चाचणीत तशीच पुढे जाते, वापरून जुनी होत जाते. दुसरी 'स्क्रॅच' डिस्क. ती चाचणीगणिक पुन्हा फॉरमॅट होऊ शकते. तिच्यावर जपून ठेवण्यासारखं काहीही नको.

मग संचाचा कोड घ्या, लागणारी पॅकेजेस बसवा (एक्सएफएसप्रोग्ज आणि त्याच्या डेव्हलपमेंट फाइली, ई२एफएसप्रोग्ज, एसीएल, एआयओ, कोटा, एफआयओ वगैरे) आणि मेक चालवा. शेवटी एफएसजीक्यूए, एफएसजीक्यूए२ आणि १२३४५६-एफएसजीक्यूए हे तीन वापरकर्ते तयार करा. परवानग्यांच्या चाचण्यांना ते लागतात. अंकाने सुरू होणारं नाव काही वितरणं सहज घेत नाहीत. तसं झालं तर त्या नावावर अवलंबून असलेल्या चाचण्या वगळल्या जातील, एवढं लक्षात असू द्या.

पायरी २ : लोकल.कॉन्फिग

संचाच्या मुख्य फोल्डरमध्ये या नावाची फाइल बनवा. अगदी लहान रूप असं :

एफएसटीवायपी=एक्सएफएस
टेस्ट_डेव्ह=/डेव्ह/व्हीडीबी
टेस्ट_डिर=/एमएनटी/टेस्ट
स्क्रॅच_डेव्ह=/डेव्ह/व्हीडीसी
स्क्रॅच_एमएनटी=/एमएनटी/स्क्रॅच

पहिल्या व्हेरिएबलचं स्पेलिंग पाच अक्षरी आहे, शेवटी 'ई' येत नाही. टेस्टच्या जागेला 'डिर' आणि स्क्रॅचच्या जागेला 'एमएनटी' असा फरकही आहे. नवशिक्यांची पहिली अडचण बहुधा इथेच होते. टेस्ट डिस्क एकदा हाताने फॉरमॅट करा आणि दोन्ही फोल्डर बनवून ठेवा.

पायरी ३ : एकदा साधं चालवून बघा

रूट म्हणून ./चेक -जी क्विक द्या. क्विक गटात प्रत्येकी साधारण अर्ध्या मिनिटाच्या आत संपाव्यात अशा चाचण्या असतात. नियमित तपासणीसाठी ऑटो हा गट आहे. डेंजरस असं नाव असलेले गट मशीन लटकवू शकतात, त्यांच्याकडे सध्या जाऊ नका.

सुरुवातीलाच चेक चार ओळी छापतो : फाइलसिस्टिमचा प्रकार, प्लॅटफॉर्म आणि कर्नल, फॉरमॅटचे पर्याय, माउंटचे (फाइलसिस्टिम फोल्डरला जोडण्याचे) पर्याय. या ओळी दर वेळी जपून ठेवा. एक्सएफएसच्या बाबतीत पहिल्या ओळीत कर्नल डीबग प्रकारचा आहे की नाही, हेही कळतं. ते महत्त्वाचं आहे, कारण मुद्दाम चूक घुसवून बघणाऱ्या चाचण्यांना एक्सएफएसचं डीबग बांधकाम लागतं. ते नसेल तर त्या मुकाट्याने वगळल्या जातात.

पुढे प्रत्येक चाचणीची एक ओळ येते. पास झाली तर लागलेले सेकंद दिसतात. 'आउटपुट मिसमॅच' म्हणजे अपेक्षित उत्तर आणि मिळालेलं उत्तर जुळलं नाही. 'नॉट रन' म्हणजे चाचणीनेच ठरवलं की इथे चालण्यात अर्थ नाही, आणि शेजारी कारण लिहिलं. 'एक्सपंज्ड' म्हणजे तुम्ही ती यादीतून काढायला सांगितली होती.

सगळ्यात तळाला सारांश असतो, आणि तो फसवा आहे. न चाललेली चाचणी 'रॅन'च्या यादीतही येते आणि 'नॉट रन'च्या यादीतही. एकच चाचणी चालवायला दिली आणि ती वगळली गेली, तरी शेवटची ओळ 'पास्ड ऑल १ टेस्ट्स' अशीच येते. म्हणून शेवटच्या ओळीवरून निष्कर्ष काढू नका. 'नॉट रन'ची यादी आधी वाचा.

पायरी ४ : प्रत्येक फॉरमॅटचा वेगळा सेक्शन

आता मुख्य काम. लोकल.कॉन्फिगमध्ये चौकटी कंसात नाव देऊन सेक्शन करता येतात, आणि प्रत्येक सेक्शनला फॉरमॅटचे आपले पर्याय देता येतात :

[एक्सएफएस_४के]
एफएसटीवायपी=एक्सएफएस
(टेस्ट आणि स्क्रॅचच्या वरच्याच चार ओळी)
रिक्रिएट_टेस्ट_डेव्ह=ट्रू
एमकेएफएस_ऑप्शन्स='-बी साइझ=४०९६'

[एक्सएफएस_१के]
एमकेएफएस_ऑप्शन्स='-बी साइझ=१०२४'

[एक्सएफएस_नोरिफ्लिंक]
एमकेएफएस_ऑप्शन्स='-एम रिफ्लिंक=०'

[एक्सएफएस_व्ही४]
एमकेएफएस_ऑप्शन्स='-एम सीआरसी=०'

यात 'साइझ' म्हणजे ब्लॉकचा, जागावाटपाच्या मूळ तुकड्याचा, बाइटमधला आकार. रिफ्लिंक म्हणजे दोन फाइलींनी तेच ब्लॉक वाटून वापरण्याची सोय. सीआरसी म्हणजे मेटाडेटाची (फाइलींविषयीच्या नोंदींची) चूक पकडणारी बेरीज. ती बंद केली की एक्सएफएसचा जुना व्ही४ फॉरमॅट मिळतो.

एकच सेक्शन चालवायचा असेल तर ./चेक -एस एक्सएफएस_१के -जी क्विक, इथे एस लहान. मोठा एस दिला तर अर्थ उलटा होतो, तो सेक्शन सोडून बाकीचे चालतात. निकालही रिझल्ट्स फोल्डरात सेक्शनच्या नावाने वेगवेगळे साठतात, त्यामुळे तुलना सोपी होते.

दुसऱ्या सेक्शनपासून डिस्कची नावं पुन्हा लिहिलेली नाहीत, कारण आधीच्या सेक्शनमधली मूल्यं पुढे चालू राहतात. सोयीची गोष्ट आहे, पण हीच सोय अंगाशी येते. फाइलसिस्टिमचा प्रकार तोच असेल आणि नव्या सेक्शनमध्ये फॉरमॅटचे किंवा माउंटचे पर्याय लिहिलेच नाहीत, तर मागच्या सेक्शनचे पर्याय लागू होतात. वरच्या फाइलच्या शेवटी कुणी 'एक्सएफएस_साधा' असा रिकामा सेक्शन जोडला, तर तो साधा नसून व्ही४ निघेल. म्हणून माझा आग्रह असा की डिस्कची नावं एकदाच लिहा, पण फॉरमॅटचे आणि माउंटचे पर्याय प्रत्येक सेक्शनमध्ये स्पष्ट लिहा.

'रिक्रिएट' ही ओळ का घातली, तेही सांगतो. फॉरमॅटचे पर्याय आपोआप लागू होतात ते फक्त स्क्रॅच डिस्कला. टेस्ट डिस्क तुम्ही आधी जशी फॉरमॅट केली तशीच राहते, आणि मग १ केबी ब्लॉकच्या सेक्शनमधल्या पुष्कळ चाचण्या प्रत्यक्षात ४ केबी ब्लॉकवरच चालतात. ही ओळ दिली की सेक्शन बदलताना टेस्ट डिस्कही नव्या पर्यायांनी तयार होते. फाइलसिस्टिमचा प्रकारच बदलला तर ते आपोआप होतं, एकाच प्रकारातले पर्याय बदलले तर होत नाही.

आणखी एक गोष्ट : 'डिफॉल्ट' फॉरमॅट स्थिर नसतो. एक्सएफएसप्रोग्जच्या ५.१ आवृत्तीपासून रिफ्लिंक आपोआप सुरू असतं. ६.५ पासून रिव्हर्स मॅपिंग (कोणता ब्लॉक कुणाचा याची उलटी नोंद) आणि मोठे एक्स्टेंट काउंटही (फाइलीच्या सलग तुकड्यांची मोठी मोजणी). म्हणजे दोन मशीनवर वेगवेगळी आवृत्ती असेल, तर पर्याय न देता केलेले दोन फॉरमॅट वेगळे असतात आणि वगळलेल्या चाचण्यांची यादीही वेगळी येते. ज्या गुणधर्मासाठी सेक्शन केला आहे तो नावानिशी लिहा, आणि एक्सएफएस_इन्फोचा निकाल निकालाशेजारी ठेवा.

पायरी ५ : ठरवलेला फॉरमॅट खरंच वापरला गेला का?

मला हा संपूर्ण लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो.

न जमणारे पर्याय दिले, तर दोन वेगळ्या ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी घडतात. पहिली सुरुवातीलाच. उदाहरणार्थ, सीआरसी असलेल्या एक्सएफएसला ५१२ बाइटचा ब्लॉक चालत नाही, किमान १०२४ लागतो. तसा सेक्शन लिहिलात तर चेक स्क्रॅच डिस्क फॉरमॅट करायला जातो, अपयश येतं, आणि 'दिलेल्या पर्यायांनी फॉरमॅट करता आलं नाही' असं सांगून तो थांबतो. ४ केबी पानाच्या मशीनवर ६४ केबी ब्लॉक मागितला तर फॉरमॅट होतं, पण लिनक्स ६.१२ च्या आधीच्या कर्नलवर माउंट होत नाही. हेही तिथल्या तिथे कळतं. असं मोठ्याने सांगितलेलं अपयश बरं.

दुसरी गोष्ट चाचणीच्या आत घडते, आणि ती शांतपणे. पुष्कळ चाचण्या स्क्रॅच डिस्क फॉरमॅट करताना स्वतःचे जादा पर्याय जोडतात. समजा तुमच्या सेक्शनमध्ये ब्लॉक ४०९६ आहे आणि चाचणीने १०२४ मागितला. एमकेएफएस, म्हणजे फॉरमॅट करणारी आज्ञा, म्हणते, एकच पर्याय दोनदा दिला, आणि नकार देते. किंवा तुमचा सेक्शन व्ही४ चा आहे, आणि चाचणीने रिव्हर्स मॅपिंग मागितलं, जे सीआरसीशिवाय मिळत नाही. पुन्हा नकार. अशा वेळी संच तुमचे पर्याय टाकून देतो आणि फक्त चाचणीच्या पर्यायांनी पुन्हा फॉरमॅट करतो. चाचणी पुढे चालते, बहुतेकदा पासही होते. निकालात ती तुमच्या व्ही४ सेक्शनखाली दिसते, पण डिस्कवर व्ही४ नव्हतंच.

याची नोंद होते, पण ती पडद्यावर येत नाही. ती त्या चाचणीच्या .फुल फाइलमध्ये जाते. 'एमकेएफएस फेल्ड विथ एक्स्ट्रा एमकेएफएस ऑप्शन्स' असं वाक्य तिथे सापडतं, आणि त्याखाली 'फक्त चाचणीचे पर्याय वापरून पुन्हा प्रयत्न' अशा अर्थाची ओळ. म्हणून प्रत्येक सेक्शन संपला की त्याच्या निकालांच्या फोल्डरात हे वाक्य ग्रेपने शोधायचं, आणि जितक्या चाचण्या सापडतील तितक्या 'या फॉरमॅटवर तपासल्या' या हिशेबातून वजा करायच्या. हे काम एका लहानशा स्क्रिप्टला लावून द्या, म्हणजे विसरायला होत नाही.

पायरी ६ : 'नॉट रन'ची कारणं वाचणं

वगळलेल्या प्रत्येक चाचणीची .नॉटरन फाइल असते, तीत एका ओळीत कारण. सगळ्या सेक्शनच्या या ओळी एकत्र करून कारणानुसार लावा. ढीग साधारण दोन पडतात.

एका ढिगात तुमच्या मशीनची कमतरता असते : अमुक प्रोग्रॅम सापडला नाही, वापरकर्ता नाही, डिस्क लहान, डिव्हाइस मॅपरचं फ्लेकी किंवा लॉग-राइट्स मॉड्यूल कर्नलमध्ये नाही, लॉगसाठी वेगळी डिस्क दिलेली नाही. ही कारणं सगळ्या सेक्शनमध्ये सारखीच दिसतात, आणि तीच त्यांची ओळख. ती दुरुस्त करा. एखादं पॅकेज बसवल्याने डझनभर चाचण्या एकदम चालू होतात, आणि एवढ्या थोड्या कष्टात एवढा फायदा दुसरीकडे मिळत नाही.

दुसऱ्या ढिगात फॉरमॅटमुळे आलेली कारणं असतात. रिफ्लिंक नसलेल्या सेक्शनमध्ये रिफ्लिंकच्या चाचण्या वगळल्या जाणारच. ईएक्सटी४ जर्नलशिवाय (बदल आधी टिपून ठेवणाऱ्या नोंदवहीशिवाय) फॉरमॅट केली (एमकेएफएसला -ओ आणि पुढे टोपीचं चिन्ह लावून हॅज_जर्नल) तर वीज गेल्यावर मेटाडेटा सावरतो का हे बघणाऱ्या चाचण्यांना काही अर्थ उरत नाही. संच जर्नल आहे का ते आधी बघतो आणि नसेल तर बाजूला होतो. हे योग्यच आहे. फक्त तीच चाचणी दुसऱ्या एखाद्या सेक्शनमध्ये चालते आहे ना, तेवढं बघा. एकाही सेक्शनमध्ये न चालणारी चाचणी सापडली, तर तुमच्या फॉरमॅटच्या यादीत काहीतरी राहून गेलं आहे.

पायरी ७ : स्वतःहून चाचणी वगळणं

कधी चाचणी चालते, पण तिचं अपयश तुमच्या बदलाशी संबंधित नसतं. ईएक्सटी४ चं बिगॲलॉक घ्या. त्यात जागा एकेका ब्लॉकने न देता अनेक ब्लॉकच्या क्लस्टरने दिली जाते. एक ब्लॉक म्हणजेच वाटपाचं सगळ्यात लहान माप, असं गृहीत धरणाऱ्या चाचणीचं उत्तर तिथे जुळत नाही. दोष चाचणीच्या गृहीतकात असतो, फाइलसिस्टिमच्या कोडमध्ये नसतो.

पण वगळण्याची घाई नको. आधी अपयशाच्या वेळी छापलेली 'हिंट' वाचा. विशिष्ट दोषासाठी लिहिलेल्या चाचण्यांमध्ये तो दोष कोणत्या कर्नल कमिटने (कोडमध्ये नोंदवलेल्या बदलाने) दुरुस्त झाला, हे नोंदवलेलं असतं, आणि चाचणी पडली की 'ही दुरुस्ती तुमच्याकडे नसावी' असं ती सांगते. तशी हिंट असेल तर खरा उपाय दुरुस्ती आणणं हाच. मग .आउट.बॅड फाइल अपेक्षित .आउट फाइलशी ताडून बघा, .डीमेसेज फाइल बघा.

तरीही वगळायची ठरली तर मार्ग असे. एखाद-दुसऱ्या चाचणीसाठी लहान ई : ./चेक -ई जेनेरिक/४७५ -जी ऑटो. अख्खा गट टाळायचा तर लहान एक्स आणि गटाचं नाव. मोठा एक्स दिला की संच प्रत्येक चाचणी-फोल्डरात त्या नावाची फाइल शोधतो. त्या फाइलीत फोल्डराचं नाव न लिहिता नुसता चाचणीचा क्रमांक लिहायचा असतो. मला सगळ्यात सोयीचा वाटतो तो मोठा ई : त्याला कुठलीही फाइल देता येते, तीत एका ओळीत एक चाचणी फोल्डराच्या नावासकट, आणि # नंतरचं सगळं टिपण.

ती टिपणं लिहाच. ईएक्सटी४ चे प्रमुख थिओडोर त्सो यांचं एक्सएफएसटेस्ट्स-बीएलडी हे या संचाला मशीनमध्ये गुंडाळून देणारं साधन आहे. त्यात ४के, १के, नोजर्नल, एन्क्रिप्ट, बिगॲलॉक_४के अशा प्रत्येक फॉरमॅटसाठी वेगळा सेक्शन आणि गरज असेल तिथे वगळण्याची वेगळी फाइल असते, चाचणी का वगळली हेही तिथे लिहिलेलं असतं. हीच पद्धत उचला. एकच सामायिक यादी सगळ्या सेक्शनना लावली, तर १ केबी ब्लॉकमुळे पडणारी चाचणी ४ केबीवरही कायमची बंद होते. चेकला एका वेळी एक सेक्शन आणि त्याचीच यादी द्या :

./चेक -एस एक्सएफएस_१के -ई वगळा.१के -जी ऑटो

(इथे एस लहान, ई मोठा.) आणि वगळा.१के मधली एक ओळ अशी दिसावी : जेनेरिक/४७५, मग #, मग काय बिघडतं, कोणत्या कर्नलवर पाहिलं, कुणी कधी नोंदवलं, आणि काय झालं की ही ओळ काढायची. ही चाचणी डिस्कच्या त्रुटी पुन्हापुन्हा घडवून लॉग सावरतो का ते बघते. अशी चाचणी कारण न लिहिता बंद ठेवणं म्हणजे डेटा हरवण्याची खरी शक्यता नजरेआड करणं.

पायरी ८ : चाचणी तुम्हीच लिहीत असाल तर

वगळण्याची अट चाचणीच्या आतच लिहायची, बाहेरच्या यादीत नाही. बिगिन_एफएसटेस्टच्या ओळीत गट द्या आणि त्यानंतर लगेच रिक्वायर प्रकारच्या ओळी : स्क्रॅच डिस्क हवी, रिफ्लिंक हवं, सीआरसी हवं, अमुक एक्सएफएस_आयओ आज्ञा हवी. यांच्यासाठी तयार फंक्शन्स कॉमन फोल्डरात आहेत, ती शोधा. नसेल तरच थेट _नॉटरन वापरा, आणि कारण असं लिहा की वाचणाऱ्याला चाचणी न उघडता कळावं.

अट विचारताना कर्नलची आवृत्ती विचारू नका. वितरणं नवे गुणधर्म जुन्या कर्नलमध्ये मागे आणतात, त्यामुळे आकडा खोटा ठरतो. गुणधर्म आहे का, हे प्रत्यक्ष करून बघा. रिफ्लिंकची तयार अट स्क्रॅच डिस्क तुमच्याच पर्यायांनी फॉरमॅट करून तपासते, म्हणून ती प्रत्येक सेक्शनमध्ये खरं उत्तर देते. आणि तुमच्या चाचणीला ठरावीक ब्लॉकची खरोखर गरज नसेल, तर फॉरमॅट करताना तो मागूच नका. जितके जादा पर्याय तुम्ही जोडाल, तितक्या जास्त ठिकाणी चालवणाऱ्याचे पर्याय पाचव्या पायरीत पाहिल्याप्रमाणे टाकून दिले जातील. आकार स्टॅटने विचारून घ्या आणि त्यावरून ऑफसेट काढा, म्हणजे तीच चाचणी १ केबीवरही चालते आणि ६४ केबीवरही.

पाठवण्याआधी नवी चाचणी निदान चार सेक्शनमध्ये चालवा : डिफॉल्ट, १ केबी, रिफ्लिंकविना आणि व्ही४. व्ही४ साठी कर्नलमध्ये त्याचा आधार चालू करून बांधावं लागेल. कर्नलच्या दस्तऐवजांनुसार तो सप्टेंबर २०२५ पासून मुळात बंद ठेवायचा आणि सप्टेंबर २०३० मध्ये काढून टाकायचा आहे. तो निघाला की हा सेक्शन, त्याची वगळण्याची यादी आणि सीआरसी=० चा उल्लेख तिन्ही एकाच कमिटमध्ये काढा.